दाराच्या अलीकडचं

विजयसिंहाला भर लोकांत उघडा पाडायचा, यापलीकडे त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. शिरोलीच्या फौंड्रीत काम करतानाही मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचो. संधी शेवटी त्यानंच दिली. शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीनं व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवला. प्रमुख पाहुणा विजयसिंह, आणि त्याच्या केंद्रातून सुधारलेला माणूस म्हणून भाषणाला त्यानं नाव सुचवलं माझं. खरं तर त्या केंद्रातून माझ्या बायकोनं मला भांडून बाहेर काढलं होतं. दारू सुटली ती नंतर, भाऊसो चालवतात त्या बेवड्यांच्या मीटिंगमध्ये. पण त्याच्याकडे राहून गेलेला कुणीही प्यायचा थांबला की विजयसिंहाला तो आपलाच वाटतो.

कसबा बावड्याच्या बाजूला त्याचं केंद्र. तिथं माझ्या शेजारच्या खाटेवर आदर्श होता, आमच्याच पेठेतला कोवळा पोरगा. तो जिवंत घरी आला नाही. हृदय बंद पडलं, असं विजयसिंहानं सांगितलं. मारला, असं पेठ म्हणायची. मीही म्हणायचो, तेही चार लोकांत, मोठ्यानं. विजयसिंहाच्या तोंडावर मात्र कुणी ब्र काढत नसे.

भाषण मी झणझणीत तयार केलं. मोबाइलवर बघून कायद्याची कलमं घातली, दारूनं मेंदूचं काय होतं ते पाठ केलं, आणि शेवटी बोट रोखून म्हणायचं, हाच तो खुनी. भाऊसोंना ऐकवलं. भाऊसो एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आमच्या मीटिंगचा नियम त्यांच्या अंगात मुरलेला: उभं राहायचं, स्वतःचं नाव सांगायचं, आणि आपण भोगलेलं, बघितलेलं तेवढंच बोलायचं.

"तू डॉक्टर हाईस?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"वकील?"

"न्हाय की."

"मग कोण हाईस?"

"बेवडा. सुटलेला."

"मग तेवढंच बोल. आदर्शला मारताना तू बघितलंस काय?"

"सगळ्यास्नी म्हाईत हाय, भाऊसो."

"तुला म्हाईत हाय काय, ते इचारलं. एक शब्द खोटा निघाला की त्यो सुटला बघ. आणि उद्या आपल्या मीटिंगवर कोण इश्वास ठेवंल?"

मला त्यांचा असा राग आला! हातातली काठी काढून घ्यायची आणि वर म्हणायचं, जा, मार आता. पण कलमं मी खोडली.

कार्यक्रमाला आदर्शच्या आईला, बनामावशीला, मी मुद्दाम स्कूटरवरून आणून पहिल्या रांगेत बसवलं. विजयसिंहाचं तोंड उतरलेलं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, एवढीच इच्छा होती. तो फेटा बांधून छान अर्धा तास बोलला. दारू सोडायला डॉक्टर लागत नाही, दणका लागतो, म्हणाला. टाळ्या पडल्या. मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारून माईक माझ्या हातात दिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी आकाराम," मी सुरुवात केली. "मी बेवडा. ह्यांच्या केंद्रात मी हुतो. मला पाइपनं मारलं. त्यानं माझी दारू सुटली न्हाय, घरी येऊन मी परत प्यालो. माझ्या बाजूच्या खाटेवर आदर्श हुता. दारू बंद झाल्यावर त्येला झटके याय लागले. मी म्हटलं, डॉक्टरला बोलवा. विजयसिंहदादा म्हणाले, नाटक करतंय. त्येला मागच्या खोलीत टाकलं आणि दादांनी भाईरनं कुलूप लावलं. त्यो दार वाजवत हुता. मग वाजवायचा थांबला."

"आकाराम, विषय सोडून बोलू नगंस," विजयसिंह हसत म्हणाला. हसणं त्याला नीट जमलं नाही.

तेवढ्यात बनामावशी उठली. "ह्येनंच मारलं न्हवं माझ्या पोराला?"

मागं तालमीतली पोरं उभी राहिली. मी एक 'व्हय' म्हटलं असतं तर त्यांनी विजयसिंहाला फेट्यासकट तुडवला असता. मला तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू, अजूनही कधी कधी हवं असतं. भाऊसो कडेला मान खाली घालून बसले होते, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"मला म्हाईत न्हाय, मावशी," मी म्हणालो. "दाराच्या अलीकडचं मी सांगितलं. पलीकडं काय झालं ते मी बघितलं न्हाय."

पोरं जागच्या जागी थांबली. वाटलं, घालवली मी. एवढी चालून आलेली वेळ हातानं घालवली.

मावशी हलली नाही. "दार कुणी उघडलं?"

"दादांनीच. किल्ली त्यांच्याकडं असायची."

"म्हंजी पयल्यांदा ह्यांनी बघितलं." ती विजयसिंहाकडे वळली. आवाज चढवला नाही. "सांगा पावणं. दार उघडलं तवा माझं पोरगं कसं हुतं?"

विजयसिंह कागदपत्रांचं, वकिलाचं काहीतरी पुटपुटला. पुढच्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल. मी दोन पावलं पुढं झालो आणि माईक त्याच्या तोंडासमोर धरला. एवढा आनंद मला दारूनंही कधी दिला नव्हता. फेट्याखालून घाम त्याच्या कपाळावर ओघळत होता, आणि अख्खी पेठ वाट बघत होती. हात भरून आला, तरी मी माईक खाली घेतला नाही.