जोव्हेलच्या अल्बममधलं बाळ

फिलिपिन्समधल्या आमच्या बाकोलोद शहरात समारंभ करून देणारे पुष्कळ आहेत, पण कुणाच्या घरचं झाकलेलं उघडं न पाडता समारंभ पार पाडणारी मी एकटी, असं मी छाती ठोकून सांगायची. आता सांगत नाही.

पद्धत साधी होती. काम घेतलं की मी त्या घरी जायची, थेट स्वयंपाकघरात बसायची, पुढ्यात येईल ती कॉफी प्यायची आणि घरच्या बाईला विचारायची, "कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही?" बाई आधी म्हणायची, छे हो, आमच्यात तसलं काही नाही. कप रिकामा होईपर्यंत सगळं बाहेर यायचं. कोणता दीर कोणाशी बोलत नाही, कोणाच्या नवऱ्याचं कुठे काय चालू आहे. ते सगळं पोटात ठेवून मी टेबलं मांडायची. एपायच्या समारंभात तमाशा होत नाही, या एका नावावर माझी तीस वर्षं गेली.

मग साथ आली आणि हॉल बंद पडले. साथ गेली तेव्हा भाव आभाळाला भिडले होते. अख्ख्या भाजलेल्या डुकराचं लेचोन मागवणारी घरं कोंबडीवर आली. हॉल सोडून लोक वस्तीतल्या बास्केटबॉल कोर्टावर मांडव घालू लागले. खरी फुलं परवडेनात, म्हणून मी पिवळ्या क्रेप कागदाची फुलं करायला लागले. ती मात्र इतकी आवडली लोकांना की कमानीला माझीच फुलं हवीत म्हणून अडून बसायचे.

हिशोब माझी भाची लेनलेन बघते. एक दिवस ती म्हणाली, "तिया एपाय, एका कामापायी तुझे दोन दिवस लोकांच्या स्वयंपाकघरात जातात. कसं परवडायचं? मी फोनवर प्रश्न पाठवते, ते उत्तरं पाठवतील. आणि फोटोंसाठी एक ॲप घेऊ. एक चेहरा दाखवला की त्या माणसाचे सगळे फोटो ते आपलं आपण शोधतं."

"आणि कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, ते?"

"तेही विचारते ना. शेवटचा प्रश्न तोच."

त्या प्रश्नाला एकानेही उत्तर दिलं नाही. देणार कसं? असल्या गोष्टी कुणी टाइप करतं का? पण कामं दुप्पट झाली, नवऱ्यामागे राहिलेली जमीन विकून मी मोठा पडदा घेतला, आणि तोंड मिटून बसले.

जोव्हेल सुमागायसायच्या अठराव्या वाढदिवसाचं काम असंच फोनवरून आलं, मांडव वस्तीतल्या कोर्टावर. आई अदेल्फा शाळेत शिकवते. बाप रोडेल मालवाहू जहाजावर इंजिनिअर, वर्षातून दोन महिने घरी. लेकीसाठी सुट्टी काढून आला होता. मी त्याला पाहिलं ते थेट समारंभाच्या संध्याकाळी, इस्त्रीच्या पांढऱ्या बारोंग सदऱ्यामध्ये, रुबाबदार, कानशिलावर केस पिकलेले. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं मला म्हणाला, "नांग एपाय, माझी पोर आज राजकन्या दिसली पाहिजे हं."

"दिसेलच, नोंग. माझं काम आहे ते," मीही त्याला भावाचा मान देत म्हणाले.

आमच्याकडे या वाढदिवसाला अठरा पुरुष एकेक गुलाब देऊन मुलीबरोबर नाचतात. अठरावा गुलाब बापाचा. त्या शेवटच्या नाचाला मागच्या पडद्यावर जोव्हेलचे जन्मापासूनचे फोटो येणार होते. अदेल्फाने तिचे लहानपणीचे चार फोटो पाठवले होते, बाकीची भर ॲपने घातली होती. लेनलेनने ते सगळे तपासले का? नाही. मी तपासले का? मी खुर्च्यांची कव्हरं ओढत होते.

रोडेलने गुलाब दिला. गाणं सुरू झालं. पडद्यावर हॉस्पिटलमधलं तान्हं बाळ आलं, मग पाळण्यातलं, मग बारशाचं. बायका डोळे पुसत होत्या. मग एक फोटो आला. कमान, केक, आणि बापाच्या कडेवर गुबगुबीत बाळ.

आमचा निवेदक बोनबोन, त्याच्या जिभेला हाड नाही. माइकवर ओरडला, "बघा, बघा, पहिला वाढदिवस! लहानपणी आपली जोव्हेल अगदी मुलगाच दिसायची की!"

सगळं कोर्ट हसलं. मी नाही हसले. मला बाळ दिसलंच नव्हतं, मला आधी कमान दिसली. कमानीवर पिवळी कागदी फुलं होती. माझी फुलं. सतरा वर्षांपूर्वी मी आयुष्यात एकही कागदी फूल केलं नव्हतं.

पुढच्या टेबलावरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं, पण फोटोत रोडेलचे केस पिकलेले कसे?"

तेव्हा सगळ्यांनी नीट पाहिलं. केकवर लिहिलं होतं, रोडेल ज्युनिअर.

मी वायरीकडे धावले, अडखळले, गुडघ्यावर आपटले आणि तशीच रांगत जाऊन प्लग उपटला. पडदा काळा झाला, गाणंही बंद पडलं. रोडेल स्टेजवर उभा होता. अदेल्फा खुर्चीवरून उठली. मला वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत देणार. ती स्टेजवर गेली, नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि बोनबोनला वर्गातल्या मुलाला दटावावं तशी म्हणाली, "गाणं का थांबवलं?"

बोनबोनने नुसता स्पीकर जोडून गाणं पुन्हा लावलं. अठरावा नाच आई लेकीबरोबर नाचली. रोडेल बाजूच्या गेटमधून निघून गेला. जोव्हेल रडली नाही. नाचता नाचता ती काळ्या पडद्याकडेच बघत होती.

"हेसुस, मारिया, होसेप!" घरी आल्यावर मी लेनलेनला धरून हलवलं. "तो फोटो आला कुठून?"

लेनलेनने फोन पुढे केला. "आपल्याकडूनच, तिया. काबांकालान गावात गेल्या ऑगस्टमध्ये एका बाळाचा वाढदिवस केला होता आपण. आईने फोनवर काम दिलं, पोरं जाऊन कमान लावून आली. सगळ्या समारंभांचे फोटो एकाच ठिकाणी साठतात. मी जोव्हेलचा बाळपणीचा चेहरा दाखवला, आणि त्याने..."

"काय त्याने?"

"त्याला ते बाळ जोव्हेलच वाटलं."

एकाच माणसाच्या दोन घरांचे समारंभ मी केले आणि मला पत्ता नव्हता! दोन स्वयंपाकघरांत बसले असते तर दुसरी कॉफी संपायच्या आत ओळखलं असतं.

पाहुण्यांनी काढलेला व्हिडिओ रातोरात गावभर झाला. सकाळी काबांकालानहून फोन आला. त्या बाळाची आई हुंदके देत होती. "नांग, ती मुलगी कोण? तो मला म्हणाला होता, त्याचं लग्नच झालेलं नाही." म्हणजे तिलाही माझ्याच पडद्यावरून कळलं. मी काय बोलणार? आधीच ठरलेली दोन कामं दुपारपर्यंत गेली. एका बाईने तर स्पष्टच सांगितलं, "तुमच्या पडद्याचा भरवसा नाही हो." तीस वर्षांचं नाव संपलं, असं मी धरूनच चालले.

दोन दिवसांनी दारात जोव्हेल उभी राहिली. केस अजून वाढदिवसाला केले तसेच कुरळे होते. मी माफी मागायला लागले, तर तिने हात वर केला.

"मला तो फोटो हवाय."

"इंडाय, पोरी, तो दुसऱ्या घरचा फोटो आहे. एका घरचं मी दुसऱ्या घरी नेत नाही."

"सगळ्या वस्तीला दाखवलात, नांग. मला एकटीलाच नाही?"

मी फोन तिच्या हातात दिला. तिने फोटो मोठा केला, बापाला बाजूला सरकवलं आणि फक्त बाळाकडे बघत राहिली.

"कान माझे आहेत," ती म्हणाली. "मशीनचं काही चुकलं नाही."

मला रडू आवरेना. ती मात्र कोरडीच होती.

"ऑगस्टमध्ये दोन वर्षांचा होईल ना?" फोटोखालची तारीख बघत तिने विचारलं.

"होईल. पण त्याची आई आता मला कशाला बोलावते?"

"बोलावण्याची वाट कशाला बघता? पूर्वी घरोघरी जायचात, तशा तुम्ही जा. प्रश्नबिश्न पाठवू नका फोनवर. स्वयंपाकघरात बसा, देईल ती कॉफी प्या, आणि मग विचारा."

"काय विचारू?"

जोव्हेलने फोन परत माझ्या हातात ठेवला. "त्याच्या शेजारी मला बसवलं तर चालेल का?"