मूठ सोडा आधी

मी डाव्या हाताचा मोजा बोलतोय. मला डोकं नाही हे बरंच आहे, नाहीतर ते केव्हाच फिरलं असतं.

पातळ पांढरं कापड आणि तळव्याला रबराचे बारीक ठिपके, एवढंच माझं रूप. उजवा भाऊ आणि मी एकाच पाकिटातून या घरात आलो. इथली बाई मशीनवर गोधड्या शिवते. एवढी जाडजूड गोधडी सुईखाली फिरवायची म्हणजे उघडी बोटं घसरतात. मग माणसं कापड मुठीत आवळतात, खांदे कानापर्यंत चढवतात आणि संध्याकाळी मान धरली म्हणून कण्हत बसतात. आम्ही हातात असलो की तळवे नुसते टेकवायचे. कापड आम्ही धरतो, गोधडी आपोआप सरकते. इतकं सोपं आहे, पण सोपं सांगितलेलं माणसांना पटेल तर ना!

बाईला पटलं होतं. तिचा एकच त्रास. दोरा ओवताना मला दातांनी ओढून काढायची, कुठेही टाकायची आणि मग माझ्यावरच बसून सगळ्या घराला मला शोधायला लावायची.

एके दिवशी तिला पक्षाघाताचा झटका आला. दवाखान्यातून परतली तेव्हा डावा हात लुळा पडला होता. लेकीच्या नव्या घरासाठी शिवायला घेतलेली गोधडी सुईखाली अर्धीच अडकलेली. मशीन कुणाला तरी देऊन टाका, असं ती नवऱ्याला म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढली आणि आपला फावड्याएवढा पंजा माझ्यात कोंबला. माझी करंगळीजवळची शिवण तिथेच उसवली.

हा गृहस्थ जन्मभर बस चालवलेला. गोधडी धरायचा ती स्टिअरिंगसारखी. बाईने उजव्या हाताने हळूच वळवावं, याने इकडून हिसका द्यावा. सुई मोडली. नवी लावली, तीही मोडली. टाके कुठे मुंगीएवढे, कुठे झुरळाएवढे. ओढू नका, सरकवा, असं ती सांगून थकली. सरकवतोच आहे, असं तो म्हणायचा आणि आणखी घट्ट आवळायचा. आत त्याचा घाम, बाहेर तिचा राग, मधे मी!

तिसरी सुई मोडली तेव्हा तिने माझ्या भावाला दातांनी ओढून काढलं आणि भिरकावलं.

"माझ्या हाताची थट्टा करताय का?"

त्याने वाकून माझ्या भावाला उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, "मला गाडी शिकवताना उस्ताद काठीने पायावर मारायचा. तूही मार. पण मशीन द्यायचं नाही."

ती हसली नाही. उजव्या हाताने तिने त्याचं एकेक बोट उलगडलं आणि मला कापडावर सपाट टेकवलं.

"मूठ सोडा आधी. मी नेईन तिकडे या."

तो आला. वाकडातिकडा आला, पण आला. गोधडी पूर्ण झाली. मधली एक ओळ नागमोडी का, असं लेकीने विचारलं, तर आई म्हणाली, "तो तुझ्या बाबांचा घाट आहे."

आता माझी दशा बघा. बोटं सैल, ठिपके झिजलेले. व्यायामाने बाईच्या बोटांत नाही, तरी मनगटात थोडी जान आली, तेव्हा तिने मला घालून पाहिलं. मी गोणपाटासारखा लोंबत राहिलो. मग तिने मला परत त्याच्या हातात चढवलं आणि माझ्या पाठीवर आपला अधू हात ठेवला. तेव्हापासून मी दोन हातांचं ओझं वाहतो. नवी जोडी आणायचं कुणाच्या मनातही येत नाही.

काल तिच्या त्या निर्जीव बोटांनी माझ्या पाठीवर हलकेच दाबलं. तिची तिलाच खात्री नव्हती, म्हणून पुन्हा दाबून पाहिलं. आणि हा शहाणा जीभ बाहेर काढून टीप सरळ जाते का तेच बघत बसलेला! तुम्ही तरी सांगा त्याला. माझं तर तो ऐकत नाही.