नव्या गाडीचे यजमान

स्कूटी दारात उतरवली तेव्हा नीळकंठ महाराजांनी सगळ्यात आधी तिला एका अंगाला कलती केली, थोडा वेळ तशीच धरली आणि मग पायानं किक शोधू लागले. त्यांच्या जुन्या स्कूटरला रोज सकाळी हेच औषध लागायचं. ही गाडी बॅटरीची होती. हिला किक नव्हती, पेट्रोल नव्हतं आणि आवाज म्हणाल तर पंख्याइतकाही नव्हता.

"काऊन बे, किक कुठं ठेवली हिची?" त्यांनी शोरूमच्या माणसाला विचारलं. तो हसला. प्रतिमाकाकूही हसल्या, पण मनात मोजत होत्या. किक नसते हे सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं.

"आणि माही गाडी?"

"ती गॅरेजात आहे," काकू म्हणाल्या. जुनी स्कूटर त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच विकायला लावली होती. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याशी एवढं धडधडीत खोटं त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या, आणि आता तेही रोजचंच झालं होतं.

चिखलीत रेणुकादेवीच्या देवळामागं औदुंबराचं घर विचारा, कुणीही महाराजांकडे आणून सोडेल. सत्यनारायण, वास्तुशांत, मुंजी, सगळं ते करत, पण त्यांचा हात खरा गाड्यांना लागलेला. अर्ध्या तालुक्याचे ट्रॅक्टर आणि मोटारसायकली त्यांनी ठेवलेल्या लिंबांवरून पहिल्यांदा पुढं सरकल्या होत्या. दसऱ्याला तर त्यांच्या गल्लीत सकाळपासून गाड्यांची रांग लागे. लोक कौतुकानं म्हणत, महाराजांनी नारळ फोडलेली गाडी पलटी खात नाही. महाराजांची स्वतःची स्कूटर दोनदा पलटी झाली होती, पण त्याची कुणी चर्चा करत नसे.

आणि भादव्यात एका दुपारी हेच महाराज मेहकरच्या फाट्यावर गाडीला टेकून उभे असलेले सापडले. पूजेला निघाले होते आणि चार तास उन्हात तिथंच होते. ओळखीच्या एकानं थांबून विचारलं, तर म्हणाले, "मले कुठं जायचं होतं, तुले माहीत हाये का?"

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. विसरण्याचा आजार. बरा होणारा नाही, वाढत जाणारा. गाडी अजिबात चालवू देऊ नका, म्हणाले, पण घरात नुसतं बसवूनही ठेवू नका. हातातलं काम जोवर चालतंय तोवर चालू द्या. काकूंनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं पदरात बांधून आणलं.

कारण काम अजून चालत होतं. दुधवाल्याचं नाव गेलं, चष्मा फ्रीजमध्ये निघाला, पुण्याच्या मुलाला, आल्हादला, फोनवर त्यांनी दोनदा 'आपण कोण?' विचारलं, पण मंत्रातलं एक अक्षर हललं नव्हतं. काकू रोज संध्याकाळी त्यांना रुद्र म्हणायला बसवत आणि आपण वाती वळत कान देऊन ऐकत. तो ओढ्यासारखा घडाघडा चालायचा. मग काकूंना शांत झोप लागे. मंत्र आहेत तोवर माणूस आहे, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. भटजीच्याच घरातली बाई असा हिशोब करू शकते. दुसऱ्या कुणी केला असता तर त्याला कुणीतरी वेड्यात काढलं असतं; काकूंना कोण सांगणार?

तेव्हा उपाय एकच दिसत होता. ह्यांना पूजेला न्यायचं आपण, मागं बसवून, आणि तिथं शेजारी बसून लागेल ते पुरवायचं. आल्हादनं कुरकुर करत गाडी पाठवली. लायसन लागत नाही, हलकी आहे, पडली तर तुला उचलता येईल, असं सांगितलं. अठ्ठावन्न वर्षांच्या आईनं जन्मात सायकलही चालवली नव्हती, हे त्याच्या लक्षात होतं का कोण जाणे.

गाडी आल्या आल्या महाराजांनी पंचांग उघडलं. "दसऱ्याले पूजा करू. तोवर बाहेर नको काढू."

पण दसऱ्याला पंधरा दिवस होते. शेजारची रुपाली, शाळेत मास्तरीण, काकूंना पहाटे बाजार समितीच्या आवारात न्यायची. पहिल्याच दिवशी काकूंनी मूठ पिळली आणि गाडी आवाज न करता जी सुटली ती थेट सोयाबीनच्या पोत्यांत.

"काकू, ब्रेक दाबा नं! पाय काऊन टेकता?"

"अगं, ही ओरडत नाही, मग मला कसं कळणार चालू आहे ते!"

आठवड्यात त्या वळायला शिकल्या, आणि दहाव्या दिवशी रुपालीला मागं बसवून आवाराला तीन फेऱ्या मारल्या. घरी येऊन चाकांची माती फडक्यानं पुसून टाकायच्या. पूजा न करता गाडी बाहेर काढल्याची रुखरुख होतीच. पण देवाला आपली अडचण कळत असेल, असं म्हणून त्या गाडी चार्जिंगला लावत आणि स्वयंपाकाला लागत.

दसऱ्याच्या आधीच किसनरावांचं सत्यनारायणाला बोलावणं आलं. खामगाव रस्त्याला सहा किलोमीटरवर त्यांचं गाव. तीस वर्षांपासूनचे यजमान. त्यांच्या लग्नात मंगलाष्टकं महाराजांनीच म्हटलेली. काकूंनी महाराजांना मागं बसवलं, पोथीची पिशवी त्यांच्या मांडीवर दिली आणि निघाल्या. दोन्हीकडं पिवळं पडलेलं सोयाबीन होतं. ट्रक शेजारून गेला की काकू गाडी पार कडेला घ्यायच्या. मागून महाराज मजेत होते.

"हळू हाण वं, मांगं पोथी हाये!" ते ओरडले. आणि मग म्हणाले, "तू गाडी चालवतं, अं? माह्या बायकोनं कमालच केली."

काकूंना रस्त्यात रडूच फुटलं, आनंदाचं. डोळे पुसायला हात सोडता येईना.

किसनरावांच्या ओट्यावर चौरंग मांडला. महाराजांनी आचमन केलं, गणपती पुजला, संकल्प सुरू केला. संकल्पात सगळं सांगावं लागतं: कुठल्या खंडात, गोदावरीच्या कुठल्या तीराला, कुठल्या संवत्सरात, कुठल्या तिथीला आपण बसलो आहोत. महाराजांनी ते घडाघडा सांगितलं. मग थांबले. "यजमानांचं नाव?"

किसनराव हसले. "महाराज, तीस वर्सं झाले, आता माह्यं नाव इचारता?"

"किसन," काकू चटकन म्हणाल्या. "त्यांचा घसा बसलाय, म्हणून थांबले."

पुढं कथेचा चौथा अध्याय दोनदा झाला. तिसऱ्यांदा सुरू झाला तेव्हा काकूंनी पोथीवर हात ठेवला. समोर बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. महाराजांच्या काही ध्यानात नव्हतं. त्यांचा आवाज खणखणीत होता.

निघताना किसनरावांनी काकूंना बाजूला घेतलं. भला माणूस. शिध्याची पिशवी त्यानं स्वतः गाडीला अडकवली. "काकू, मले समजलं. आता महाराजांले तरास नोका देऊ. घरी आराम करू द्या. पुढच्या वक्ताले आमी पाहून घेऊ कोनाले तरी. शिधा मातर दरसाल येईन, काळजी करू नोका."

रागावला असता तर बरं झालं असतं. पूजा न करता गाडी बाहेर काढली त्याचंच हे फळ, असं परतीच्या वाटेवर काकूंच्या डोक्यात बसलं. उगाचच बसलं; पण दुःखात माणसाला कुणीतरी दोषी लागतो आणि घरात दुसरं होतं कोण?

खेड्यातली बातमी आठवडी बाजाराबरोबर तालुक्याला येते. दसऱ्याची सकाळ उजाडली आणि गल्लीत एकही गाडी नव्हती. कुणी ठरवून येणं बंद केलं असं नाही. प्रत्येकाला वाटलं असणार, महाराजांना कशाला त्रास. काकूंनी दोनदा फाटकापर्यंत जाऊन पाहिलं. पलीकडच्या आळीतून दुसऱ्या कुणाची तरी घंटी ऐकू येत होती.

"आज कोणाची गाडी हाये?" महाराजांनी आतून विचारलं. अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून ते तयार होते.

"आपलीच आहे," काकू म्हणाल्या. "नवी."

त्यांनी झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली, दोन्ही चाकांपुढं लिंबं ठेवली. महाराजांनी अनामिकेनं गाडीच्या तोंडावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, इतकं रेखीव की काकूंना वाटलं, गेलेलं सगळं परत येईल. हात जराही कापला नाही. संकल्प सुरू झाला. गोदावरीचा उत्तर तीर आला. संवत्सर, आश्विन, शुद्ध दशमी, वार, नक्षत्र, सगळं बिनचूक आलं. या अफाट पृथ्वीवर आज आपण नेमके कुठं आणि केव्हा बसलो आहोत ते महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

मग ते थांबले आणि काकूंकडे पाहिलं. परक्या घरी पाहतात तसं, अदबीनं.

"यजमानांचं नाव काय, बाई? आणि गोत्र?"

काकूंना वाटलं, थट्टा करताहेत. लग्न झाल्या झाल्या असली थट्टा ते करायचे. त्यांनी त्यांच्या डोळ्यांत शोधलं. तिथं थट्टा नव्हती, काहीच नव्हतं. नुसता एक सभ्य गृहस्थ होता, ज्याला लवकर पूजा आटोपायची होती.

"वसिष्ठ," त्या म्हणाल्या. "नीळकंठ."

"वा! आमचंही वसिष्ठच," महाराज खूश झाले. "यजमान आहेत कुठं? त्यांनी बसायला हवं."

"बाहेरगावी गेलेत."

"कधी येतील?"

"माहीत नाही."

"हरकत नाही. तुम्ही बसा. पाणी सोडा हातावर."

काकूंनी पाणी सोडलं. नवऱ्याच्या नावानं, नवऱ्याच्या सांगण्यावरून, नवऱ्यासमोर. महाराज मंत्र म्हणत होते, एक अक्षर हलत नव्हतं, आणि ते ऐकताना काकूंचा सगळा हिशोब मातीत गेला. मंत्र तसेच होते. माणूसच निघून गेला होता. रोज संध्याकाळी वाती वळत आपण काय ऐकत होतो, ह्याची त्यांना आता भीती वाटली.

नारळ फुटला. रिवाजाप्रमाणे त्या वाकल्या. महाराजांनी डोक्यावर अक्षता टाकल्या. "अखंड सौभाग्यवती भव."

मग त्यांनी तांदूळ आणि अर्धा नारळ उपरण्यात बांधला आणि उठले. "येतो, बाई. माझी गाडी गॅरेजात आहे, पायीच जावं लागेल. घरी मंडळी वाट पाहत असतील. मी गेल्याशिवाय जेवत नाही ती."

फाटकाबाहेर रस्ता होता, आणि रस्त्यावर मेहकरचा फाटा होता. काकूंनी पदर खोचला. "थांबा महाराज. मी सोडते. राहता कुठं?"

"रेणुकादेवीच्या देवळामागं. औदुंबराचं घर विचारा, कुणीही सांगेल."

त्यांनी त्यांना मागं बसवलं. दोन्ही लिंबं चाकाखाली फुटली. काकूंनी देवळाला एक मोठा वळसा घातला, बाजाराच्या कोपऱ्यावरून फिरवून गाडी परत त्याच फाटकात आणली. सणाची गर्दी होती, लोक आपट्याची पानं वाटत होते, दोघांना पाहून कुणी हात जोडत होतं. महाराज मागून सगळ्यांना आशीर्वाद देत होते.

औदुंबर दिसताच ते उतरले. चेहरा उजळला. "हेच. पाणी घेतल्याशिवाय जाऊ नका हं, बाई." ते पायऱ्या चढले आणि दारातून मोठ्यानं हाक मारली, "अवं, ऐकलं का? पावन्या आल्या हायेत!"

आतून उत्तर आलं नाही. येणार कुठून? महाराजांनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला आवाजात घाबरेपणा आला, फाट्यावरच्या त्या दुपारसारखा. "प्रतिमा? कुठं गेली वं तू?"

काकूंनी गाडी तशीच स्टँडला लावली. अंगणाच्या कडेनं धावत गेल्या, मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरल्या, आणि धाप आवरत आतून बाहेर आल्या. "आले, आले. मागं होते मी."

"किती हाका मारल्या!" महाराज ओट्यावर बसले. त्यांना हायसं वाटलं होतं. उपरण्याची गाठ त्यांनी काकूंच्या हातात दिली, रोजच्यासारखी. "पाह्य, दारात एक बाई उभ्या हायेत. मले सोडाले आल्या. त्यायले पानी दे."

काकूंनी पेला भरला.

"गरीब वाटल्या बिचाऱ्या," महाराज सांगत होते. "नवी गाडी घेतली हाये अन् यजमान बाहेरगावी. कधी येतीन, त्यायलेच माहीत नाही. पूजा चालू असताना डोयातलं पानी थांबत नव्हतं. एकटी बाई हाये. तू जात जाय तिच्याकडे अधूनमधून."

"जाईन," काकू म्हणाल्या.

पेला घेऊन त्या अंगणात आल्या. तिथं हार घातलेली गाडी तेवढी उभी होती.