अखंड शेपट्या

प्रयोगशाळेत काम करणारी ताई भावाच्या शोभेच्या माशांच्या दुकानात काचेच्या टाकीतला एकेक मासा निरखत होती.

"अशी काय बघतेस, ताई? सगळे धडधाकट आहेत."

"तेच बघतेय. एकाचीही शेपटी कापलेली नाही."

भावाला हे मासे दुर्मीळ म्हणून विकायचे होते, म्हणून डीएनए तपासणीसाठी तिने टाकीतल्या प्रत्येक माशाच्या शेपटीचा बारीक तुकडा मागितला होता. परवाच सगळे तुकडे दुर्मीळ जातीचे ठरले आणि तिने अहवालावर सही केली. आता कोपऱ्यातल्या बरणीत तिला एकटा मासा दिसला. त्याची शेपटी मुळापर्यंत कातरलेली होती. पाण्यात कलंडून तो तोल शोधत होता.

"सगळे तुकडे याचेच ना?"

"अगं, शेपटी तुटकी दिसली की गिऱ्हाईक नाक मुरडतं. आणि दिसायला सारखेच तर आहेत!"

"दिसण्यावर भागत होतं तर मला कशाला राबवलंस?" तिचा आवाज संतापाने चिरकला. "हे उघडं पडलं की नोकरी माझी जाईल. आत्ता गिऱ्हाइकाला फोन करून विक्री थांबव. करतोस, की मी करू?"

भावाने जाळी उचलली आणि तिच्याकडे न बघता विकलेले मासे भरायच्या पिशव्या आणायला तो आत निघून गेला.