कुणीतरी पडायला हवं

"पड रे, पड! त्या लाल शर्टवाल्याच्या पायात पाय अडकव आणि पड!"

ताजुद्दीन लॅपटॉपसमोर मांडी घालून बसला होता आणि स्क्रीनला बोट लावून लावून सांगत होता. मी वैतागून म्हटलं, "अरे बाबा, निळे आपले ना? आपलाच खेळाडू पडावा म्हणून दुवा मागणारा प्रेक्षक अख्ख्या जगात तू एकटाच असशील."

"लागू नये रे त्याला. नुसता पडला तरी बस."

कारण कुणी पडल्याशिवाय अदनान दिसायचा नाही. अदनान म्हणजे ताजुद्दीनचा एकुलता एक मुलगा. पुण्यात फिजिओथेरपी शिकला, पुढचं शिकायला इंग्लंडला गेला आणि तिथेच वेक्स्टन टाउन नावाच्या फुटबॉल क्लबात लागला. क्लब म्हणजे टीव्हीवर झळकणाऱ्यांपैकी नव्हे. लीगच्या चौथ्या, अगदी तळाच्या पायरीवरचा. त्याच्या मैदानाच्या एका अंगाला लोकांच्या परसदारी वाळत घातलेले कपडे दिसतात. मैदानात खेळाडू पडला आणि पंचानं हात केला, की बाकावरून एक उंच, सावळा पोरगा पिशवी घेऊन धावत येतो आणि गवतावर गुडघे टेकतो. एवढंच दर्शन. त्या दर्शनासाठी सौदीतल्या यान्बूच्या कंपनी क्वार्टरमधल्या आमच्या खोलीत सीझनभर शनिवार संध्याकाळ राखून ठेवलेली.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी गुहागरचा, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये मीटर तपासतो. ताजुद्दीन बाणकोटचा, त्याच प्लांटच्या पंपहाऊसमध्ये मेकॅनिक. त्याचा नमाज आणि माझा देव्हारा एकाच खोलीत सुखानं नांदत आलेत, भांडण फक्त एसीवरून. त्याला थंडी वाजते, मला उकडतं.

पण त्या दिवशी एसीचं कुणाला भानच नव्हतं. वेक्स्टनचा सीझनमधला शेवटचा सामना होता. शेवटचे दोन क्लब लीगबाहेर फेकले जाणार, आणि वेक्स्टन त्या दोघांच्यात होता. जिंकले तर राहणार. बरोबरी झाली तरी गेलेच. क्लब बाहेर गेला की खर्चाला कात्री लागणार आणि ती आधी अदनानसारख्यांवर चालणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. क्लब हाच त्याचा तिथला कफील, व्हिसाचा जामीनदार. कफिलानं हात काढून घेतला की व्हिसा खलास. जन्म आखातात घालवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाकी खेळ कळो न कळो, एवढं मला पक्कं कळलं होतं.

अर्धा तास झाला नाही तोच लाल शर्टवाल्यांनी गोल मारला.

ताजुद्दीन नुसती बोटं मोडत राहिला. एरवी भारी बडबड्या माणूस, पंपाशीसुद्धा बोलतो. तो गप्प बसला की मला भीती वाटते.

मध्यंतर झालं. मी पुदिना घालून काळा चहा केला. त्यानं पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"गुरुनाथ, तुला एक सांगायचा हाय. रागावू नको."

"म्हणजे रागावण्यासारखंच असणार."

"मी खुरूज घेतला."

मी माझा पेला सतरंजीवर टेकवला. खुरूज म्हणजे कायमचा परतीचा शिक्का. तो लागला की हा देश तुमचा संपला. पुढच्या दोन महिन्यांत सामान बांधायचं आणि निघायचं.

"कधी?"

"गुरुवारी. मुदीरनं मला हापिसात बोलावला. बोलला, रविवारपासून नवीन भरती बंद. तू गेलास तर आताच्या आता तुझ्या जागेवर पोराचा व्हिसा काढतो. बोल, हो की नाय. मी हो बोललो."

"आणि आज शनिवार! दोन दिवस थांबला असतास तर काय आकाश कोसळणार होतं? सामना तर होऊ द्यायचास!"

"सामना शनिवारी, मुदीर गुरुवारी. शुक्र-शनि हापिस बंद. मी काय करू? इंग्लंडवाल्यांना सांगू, जरा लवकर खेळा म्हणून?"

मला हसूही येईना. बाणकोटच्या त्या मोहल्ल्यातली ही रीत मला चांगली ठाऊक होती. जागा सोडायची, पण घरातच ठेवायची. ताजुद्दीन स्वतः असाच आलेला. त्याच्या वडिलांनी जेद्दाच्या गोदीतली जागा सोडली तेव्हा मिसरूडही न फुटलेला ताजुद्दीन त्यांच्या जागेवर उभा राहिला. बाप ज्या खाटेवर झोपायचा त्याच खाटेवर मुलगा झोपला. त्यांच्याकडे याला कुणी त्याग वगैरे म्हणत नाही. आंब्याची बाग नावावर करून द्यावी तसं ते देतात.

"अरे, पण तो शिकलेला पोरगा. तो काय पंप खोलत बसणार?"

"माणसाचा गुडघा काय नि पंपाचा बेअरिंग काय, दोन्ही ग्रीसच मागतात." त्यानं हसायचा प्रयत्न केला. "नाय जमला तर दुसरं शोधेल. पण परत येऊन गावात बसायला नको. माझ्या चुलतभावाचा कादिर बघितलास ना? कुवेतहून परत आला तो बसलाच. आता लग्नाकार्यालासुद्धा पुढे येत नाय. बाहेरून हात हलवत आलेल्या पोराला गाव विचारत नाय रे."

"अदनानला सांगितलंस?"

"सामना असताना कसा सांगू? त्याचा जीव तिकडं टांगलेला."

"आणि इस्मतवहिनींना?"

त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. म्हणजे नाही.

मी तावातावानं म्हटलं, "उद्या जाऊन रद्द करून घे. होतं रद्द."

"कंपनीनं मनात आणला तर होतो. साठी उलटलेल्याला पुन्हा कोण ठेवून घेतोय? ते वाटच बघत होते. मुदीर भला माणूस म्हणून पोराचा तरी नाव घेतला."

तेवढ्यात सामना पुन्हा सुरू झाला आणि तो स्क्रीनकडे वळला. माझं मात्र डोकं भणभणत होतं. वेक्स्टन हरला तर अदनानला बापाची जागा कामाला येणार, म्हणजे या येड्यानं केलं ते सत्कारणी लागणार. जिंकला तर अदनान तिथेच राहणार, इथली जागा फुकट जाणार, आणि ताजुद्दीन उगाचच्या उगाच बाणकोटला जाऊन बसणार. मग मी कुणाच्या बाजूनं ओरडायचं? खरं सांगतो, मी मनातल्या मनात लाल शर्टवाल्यांच्या बाजूला गेलो होतो. माझा पंचवीस वर्षांचा सोबती उठून चाललाय, तो निदान वाया तरी जाऊ नये, एवढंच मला दिसत होतं.

आणि हा? हा गडी गुडघ्यांवर बसून निळ्यांसाठी जीव टाकत होता.

"चल! चल! यल्ला! डावीकडं दे, डावीकडं मोकळा हाय!"

डावीकडे दिलाही. चेंडू आत आला, गर्दीत कुणाच्या तरी नडगीला लागला आणि जाळ्यात गेला. एक-एक! ताजुद्दीननं माझी मान अशी आवळली की माझा चष्मा उडाला.

"अरे सोड, मरेन!"

"आता एकच! एकच पायजे!"

पण तो एक काही केल्या होईना. निळे धडका मारत होते, लाल जागचे हलत नव्हते. घड्याळ पळत होतं. ताजुद्दीन उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. एकदा तर स्क्रीनकडे पाठ करून भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "तू बघ. मला नाय बघवत. काय झाला ते सांग."

"काही होत नाहीये."

"मग सांगतोस कशाला!"

नव्वद मिनिटं संपत आली, आणि मगरिबची बांग झाली.

खिडकीबाहेर उजेड विझला होता आणि मशिदीचा भोंगा सुरू झाला होता. ताजुद्दीन भिंतीपासून वळला. क्षणभर स्क्रीनकडे बघितलं. मला वाटलं, थांबेल दोन मिनिटं, वेळ असतो. पण तो मोरीत गेला आणि नळ सुटल्याचा आवाज आला. ओल्या हातांनी बाहेर येऊन त्यानं जानमाज पसरली, ती लॅपटॉपकडे पाठ येईल अशी.

"शेवट झाल्यावर पढलास तर चालेल की," मी पुटपुटलो.

"आवाज बंद कर," तो म्हणाला. "आणि आता हुंकारसुद्धा काढू नको. तोंडावरून मला कळू देऊ नको."

मी आवाज बंद केला. मागे त्याची पुटपुट, पुढे मुकं मैदान. जादा वेळाचा फलक वर झाला. आणि त्याच वेळी निळ्यांचा नऊ नंबर, डॉसन, धाडकन आडवा झाला.

हाच तो डॉसन, ज्याच्या गुडघ्यावर अदनान हिवाळाभर राबला होता. पंचानं हात केला. बाकावरून अदनान सुटला. काय धावला पोरगा! पिशवीची चेन उघडीच, त्यातून पट्टीची गुंडाळी मागे पडत चाललेली, त्याला पत्ताच नाही. कॅमेरा जवळ गेला. एवढा मोठा, एवढा वेळ तो आजवर कधीच दिसला नव्हता. कपाळावर घाम, ओठ हलताहेत, डॉसनचा गुडघा दोन्ही हातांत धरलेला. माझ्या घशाशी हाक आली. ताजुद्दीन, वळ! अरे, वळून बघ एकदा!

मागे ताजुद्दीन सजद्यात होता, कपाळ जमिनीला टेकलेलं. मी दातांखाली बोट धरलं.

डॉसन लंगडत रेषेबाहेर गेला, पाय झटकले आणि परत आत आला. कोपऱ्यातून चेंडू आला. डॉसन त्याच पायावर उडाला. डोकं लागलं की खांदा, देव जाणे. जाळं हललं. परसदारच्या कपड्यांपाशी उभी असलेली माणसं भिंतीवरून उड्या मारून मैदानात यायला लागली. बाकाजवळ अदनान गवतावर बसला होता आणि हातांनी तोंड झाकून रडत होता.

आणि लाल शर्टवाल्यांचा मी, मीसुद्धा रडत होतो. काय बोलणार! पोरगा आमचाच होता.

सलाम फिरवून ताजुद्दीननं नमाज संपवला. लगेच वळला नाही. हात उचलून दुवा मागितली, तोंडावरून हात फिरवला, जानमाजेची नीट घडी केली. मग माझ्यासमोर येऊन बसला.

"सांग."

"जिंकले."

"अल्हम्दुलिल्लाह." तो एवढंच म्हणाला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला राहवलं नाही. "रडतोस काय? तुझी भाकरी गेली, मूर्खा! कुणासाठी सोडलीस? त्याला तर गरजच नाही आता!"

"पोराची राहिली ना?" त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "मग झाला. दोन्ही गेल्या असत्या तर?" मग जरा थांबून, लाजल्यासारखं त्यानं विचारलं, "दिसला का रे?"

"दिसला. मोठ्ठा दिसला. पिशवी उघडी ठेवून धावत होता, गाढव. पट्ट्या सांडत."

फोन वाजला. अदनान. मागे नुसता कल्लोळ.

"अब्बा! वी स्टेड अप! टिकलो आम्ही! बघितलंत?"

"बघितला. सगळा बघितला."

"मी ऑन आलो होतो लास्टला. मी दिसलो?"

ताजुद्दीननं माझ्याकडे पाहिलं. "दिसला नाय तर! पिशवी बंद करत जा की. सगळा सांडत होतास."

पलीकडे अदनान खदाखदा हसला. "अब्बा, तुम्ही पण ना! काँट्रॅक्ट वाढणार माझं, मॅनेजर आत्ताच बोलला. तुमचं काय, सगळं ठीक?"

"माझा काय? मी आता घरी जातोय. कंटाळा आला रे. तुझी आई किती वर्षं मागे लागलीय."

"फायनली! बेस्ट डिसिजन, अब्बा!"

"हां," ताजुद्दीन म्हणाला. "तोच बोललो मी."

जूनमध्ये तो गेला. त्याच्या खाटेवर अजून कुणी आलेलं नाही, आणि एसी मी हवा तेवढा थंड ठेवतो.

ऑगस्टमध्ये वेक्स्टनचा नवा सीझन सुरू झाला. पहिल्याच शनिवारी मी सवयीनं लॅपटॉप उघडून बसलो, आणि थोड्या वेळात एक निळा पोरगा पडला. "पडला रे!" मी एकटाच ओरडलो आणि बाणकोटला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रेंज मिळते ती फक्त मशिदीमागच्या चढावर. ताजुद्दीन तिथेच थांबला असावा, कारण त्यानं लगेच उचलला. एक क्षण तो दिसला, डोक्यावर टॉवेल, पाऊस पडत असलेला. मग चित्र गोठलं.

मी फोन लॅपटॉपसमोर धरला. "आला बघ. धावतोय. दिसला का?"

आवाज तुटत तुटत आला. "दिसला, दिसला. धर तसाच."

माझ्या फोनवर त्याचा टॉवेल जागचा हलत नव्हता. लॅपटॉपवर अदनान गुडघे टेकून बसला होता, पिशवी शेजारी सताड उघडी.

"आज बंद केलीय हां त्यानं पिशवी," ताजुद्दीन म्हणाला. "ऐकला माझा."

"हो," मी म्हटलं. "बंद आहे."