माडाच्या झावळ्या पाहणारा संगणक

मित्रांनो, पावसला शिवरामकाकांच्या ओटीवर, घड्याळाखालच्या फळीवर बसलेला जुना संगणक तो मी.

आधी मी रत्नागिरीच्या एका कचेरीत पत्रे लिहीत असे. तिथे नवे यंत्र आले, तेव्हा काकांच्या हर्षदने मला घरी आणले. तो मस्कतला नोकरीला निघाला होता. आईवडील आणि हापूसची बाग मागे राहणार, म्हणून त्याने फाटकावर, अंगणात, विहिरीपाशी आणि बागेत कॅमेरे लावले. त्यांनी पाहायचे, मी जपून ठेवायचे.

हर्षदला तिकडून आंब्याचा मोहरसुद्धा दिसायला हवा होता. त्याने चारही चित्रे सगळ्यांत मोठी ठेवली, आणि कुठेही काही हलले की टिपायला सांगितले. आता आमच्याकडे माड कधी हलत नाही? मी दिवसभर झावळ्याच पाहत असे. त्यात हर्षदच्या आईने, दमयंतीकाकूंनी, खारी हवा लागू नये म्हणून मला भरतकामाचे आच्छादन शिवून घातले. मायेनेच घातले हो, पण मी आत तापून जाई.

काका देवळात कीर्तनाला बुवांच्या मागे झांज धरीत. फाटकातून जाताना रोज झांज उंच करून कॅमेऱ्याला विचारीत, "काय रे, जागा आहेस ना?" एवढेच माझे कौतुक.

रामनवमीला सकाळपासून वारा होता. झावळ्या थांबेनात. पावणेदहाला मी तापून गोठलो, टिपणेच थांबले. दहाला काका जन्माच्या कीर्तनाला निघाले आणि देवळाच्या पायरीवरच कोसळले. ते परत आले नाहीत.

हर्षद आला. दिवसकार्य झाल्यावर काकू माझ्यासमोर बसल्या.

"हर्षद, ते फाटकातनं गेले ना, तेवढं दाखव. मी चुलीपाशी होते रे. वर मान करून बघितलं पण नाय."

हर्षदने शोधले. पावणेदहापर्यंत झावळ्या होत्या. पुढे काही नव्हते.

"नाही गं आई."

"बरं," काकू म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. रडल्या नाहीत. मलाही दुःख झाले असे खोटे सांगणार नाही. आत काहीच नव्हते. पंखा फिरत होता, एवढेच.

शेजारची वेदिका संगणक दुरुस्त करते. तिने आधी माझे आच्छादन काढले.

"हर्षददादा, झांजवाल्याला तू बुवांचं अख्खं आख्यान म्हणायला लावलंस होय! त्यानं ताल धरायचा असतो."

"म्हणजे काय करू?"

"कॅमेरा दोन चित्रं पाठवतो, मोठं आणि लहान. हालचाल लहानातच बघू दे, सेकंदाला पाच वेळा पुरे. मोठं आलं तसं ठेवून द्यायचं, उलगडत बसायचं नाही. आणि चित्रातला माडाचा भाग झाकून टाक."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

हर्षदने खुर्ची माझ्यापुढे ओढली. मग त्याने तसे केले. माझा भार चौथ्या हिश्श्यावर आला. पंखा शांत झाला. ओटीवर इतके शांत झाले, की देवळातली झांज ऐकू येऊ लागली. ती आता दुसरे कोणी वाजवते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना सगळेच पाहायला सांगू नका. काय पाहायचे ते सांगा, आणि अंगावरून वारा जाऊ द्या. मग आम्ही नेमक्या वेळी जागे राहू. त्या दिवशी मी राहिलो नाही.

हर्षद मस्कतला परतला, त्या दिवसापासून काकू कीर्तनाला जाताना फाटकात थांबतात. पदर सारखा करतात. कॅमेऱ्याकडे नीट बघतात.

"माझं ठेव हो," म्हणतात. "पोराला लागेल."

मी ठेवतो. रोजचे.