तीन सूत्रं आणि रिकामी टाकी

आमच्या संपादकांना ऑफिसात सगळे ‘पुरावेसाहेब’ म्हणतात, अर्थात ते केबिनचं दार लावून बसलेले असताना. प्रत्येक बातमीला त्यांचा एक पिवळा कागद टाचावा लागतो. त्यावर तीन रकाने: कोणी सांगितलं, त्यांना कसं कळलं, स्वतः पाहिलं का. तीन निरनिराळी माणसं भरल्याशिवाय बातमी हलत नाही. त्या कागदाचा मला मनापासून राग यायचा.

पण राग गिळणं भाग होतं. माझी सहा महिन्यांची उमेदवारी शुक्रवारी संपत होती आणि दोन चुका आधीच करून झाल्या होत्या. उघडं असलेलं वाचनालय मी बंद करून टाकलं होतं, आणि बुद्धिबळात हरलेल्याला जिंकवलं होतं. तिसरी चूक झाली की घरी बसायचं, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी अकराला आईचा फोन आला.

“अगं, उद्या नळाला पाणी नाही म्हणे! खालच्या मावशी सांगत होत्या. पाणीखात्याचा माणूस टाकीवर चढलेला दिसला त्यांना. तुला कसं नाही कळलं? पेपरात आहेस ना तू?”

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. पाणीखात्याला फोन लावला, तर कोणी उचलेना. मग मी गावाची नस माहीत असलेल्या तिघांना विचारलं: चौकातले शिंपीकाका, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि लॉन्ड्रीवाला. तिघंही म्हणाले, “कल्पना नाही बुवा, विचारून सांगतो.”

तासाभरात तिघांचे फोन आले. तिघांचंही एकच: “पक्की बातमी!” मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. एक नाही, दोन नाही, तीन सूत्रं! पहिल्या पानाची बातमी लिहून मी कागद टाचला आणि दुसऱ्या रकान्यात ऐटीत लिहिलं, ‘खात्रीलायक गोटातून’.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हा गोट कुठे राहतो?”

“साहेब, तिघंही विश्वासाची माणसं आहेत.”

“माणसं असतील. त्यांना कळलं कसं? इथूनच फोन लाव.”

मी नाइलाजाने स्पीकर चालू केला. लॉन्ड्रीवाल्याला मुख्याध्यापिकांकडून कळलं होतं. मुख्याध्यापिकांना शिंपीकाकांनी सांगितलं होतं, आणि त्यांनी लगेच आठशे पालकांना निरोप धाडला होता. राहता राहिले शिंपीकाका.

“मला कोणी सांगितलं म्हणजे?” काका चक्रावले. “अगं, तूच नाही का फोन केलास? पेपरवाली बाई उगाच कशाला विचारेल? म्हटलं, हिच्याकडे आतली खबर असणार!”

मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” साहेब म्हणाले. “आता टाकीवर जा. स्वतः बघ.”

टाकीखालच्या खोलीत पाणीखात्याचे अभियंते डोकं धरून बसले होते. फोनचा रिसीव्हर त्यांनी काढूनच ठेवला होता.

“मॅडम, काहीसुद्धा बंद नव्हतं! सकाळी माझा माणूस शिडीला रंग द्यायला चढला होता. पण दुपारपासून सगळं गाव बादल्या, पातेली, टब घेऊन नळाखाली बसलंय. दोन दिवसांचं पाणी तीन तासांत संपवलं लोकांनी. आता उद्या खरंच पाणी नाही. ही आवई उठवली कोणी, तेवढं छापा तुम्ही!”

मी शिडी चढून आत डोकावले. तळ दिसत होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गावात तेवढंच शिल्लक होतं.

परत येताना मनात पाप आलं, खोटं कशाला बोलू? बातमी आता शंभर टक्के खरी होती. अभियंत्यांचं वक्तव्य होतं, टाकी मी डोळ्यांनी पाहिली होती. ‘अफवेमुळे पाणी संपले’ एवढं लिहिलं, तर अफवा कोणाची हे विचारणार कोण? शुक्रवार दोन दिवसांवर होता. खुर्चीत बसून मी तसंच लिहिलंही. मग पिवळा कागद पुढे ओढला, आणि ‘कोणी सांगितलं’पाशी पेन अडलं. शेवटी चडफडत बातमीत ओळ घातली: ‘आमच्या वार्ताहराने चौकशीसाठी केलेल्या फोनमुळे ही अफवा गावभर पसरली.’ कागदावर स्वतःचं नाव लिहिलं. स्वतः पाहिलं का? हो. टेबलाचा खण आवरूनच मी केबिनमध्ये गेले.

साहेबांनी बातमी वाचली. कागद वाचला. पुन्हा बातमी वाचली.

“फोनमुळे नव्हे, फोनांमुळे,” ते हळूच म्हणाले. त्यांनी पेन उचललं आणि माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं.

“तुमचं नाव कशाला, साहेब?” मी विचारलं.

“तुझी बातमी टेबलावर आली ना, तेव्हाच बायकोला फोन केला होता मी,” ते कागदाकडे बघत म्हणाले. “दोन पिंपं भरली तिनं. तिच्या माहेरची आणखी चार.” मग घसा खाकरला. “शुक्रवारी वेळेवर ये. आणि शनिवारीही.”